ऑगस्टमधील टिनोस बेट, मेल्तेमी वारा आणि वयस्कर आईवडील: सल्ला हवा आहे

मृण्मयी_पुणे

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा असे पाच जण ग्रीसला जाण्याचे ठरवत आहोत. आईचे वय ७१ आणि बाबांचे ७५ आहे. दोघेही हिंडतेफिरते आहेत, पण आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अथेन्स तर पाहायचेच आहे, पण आईचे मन टिनोस या बेटावर बसले आहे. तिथल्या पानायिया एव्हांगेलिस्त्रिया या मेरीमातेच्या चर्चमध्ये १५ ऑगस्टला मोठी यात्रा भरते आणि नवस बोललेले भाविक बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ गुडघ्यांवर रांगत चढतात, असे तिने काही वर्षांपूर्वी वाचले होते. तेव्हापासून तो दिवस एकदा डोळ्यांनी पाहावा अशी तिची इच्छा आहे, आणि ती आता पूर्ण करावी असे मला मनापासून वाटते.

अडचण वाऱ्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि अँड्रोस, टिनोस व मिकोनोस या तीन बेटांना तो सर्वांत जास्त झोडपतो, असे जो तो सांगतो. आमचा आराखडा असा आहे की १३ ऑगस्टला दुपारी अथेन्सजवळच्या राफिना बंदरातून जलद बोटीने टिनोसला जायचे, १७ तारखेला सकाळी दहाच्या बोटीने परतायचे आणि त्याच रात्री अथेन्सहून मुंबईचे विमान पकडायचे. वारा खरोखरच इतका असतो का की वयस्कर माणसांना रस्त्याने चालणे कठीण व्हावे? बोटी रद्द होतात का? मुलीला समुद्रात डुंबता येईल का? त्यापेक्षा सप्टेंबर गाठावा का? आणि आम्ही सगळे शाकाहारी आहोत, तर चार दिवस आमचे जेवणाचे कसे होईल? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दर्यासारंग

मृण्मयीताई, बाकी सगळे नंतर, आधी १७ तारखेचा बेत बदला. ऑगस्टमध्ये सायक्लाडीस, म्हणजे टिनोस ज्यात येते त्या बेटसमूहावरून, ज्या दिवशी बोटीने निघायचे त्याच दिवशी घरी जाणारे विमान कधीही ठेवू नये. टिनोसवर विमानतळ नाही, म्हणजे बोट सुटली नाही तर तुमच्याकडे दुसरा मार्गच उरत नाही. १६ तारखेला बेट सोडा, एक रात्र अथेन्समध्ये राहा आणि मग विमान पकडा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे जातील, पण पाच तिकिटे वाया जाण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

मी मूळचा रत्नागिरीचा. मर्चंट नेव्हीतली ३१ वर्षे आणि त्यांतली बरीचशी ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेल्यामुळे हा वारा मी अनेक उन्हाळे अनुभवला आहे. आपल्याकडे जोराचा वारा म्हटला की काळे ढग, पाऊस आणि उतरलेला बॅरोमीटर डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे आपला माणूस मेल्तेमीला फसतो. आकाश निळेशार असते, ढगाचा ठिपका नसतो, ऊन लख्ख पडलेले असते, आणि तरीही समुद्र क्षितिजापर्यंत फेसाने पांढरा झालेला असतो. प्राचीन ग्रीक लोक याच वाऱ्यांना ‘एतेसियाई’, म्हणजे दरवर्षी येणारे, असे म्हणत. नाव अगदी योग्य आहे, कारण हे वादळ नसून ऋतूच आहे.

याचे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. उन्हाळ्यात भारत आणि पाकिस्तानच्या तापलेल्या भूमीवर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि जो आपला मोसमी पाऊस ओढून आणतो, त्याचीच एक शाखा इराण-इराकवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पसरलेली असते. दुसऱ्या बाजूला बाल्कन प्रदेशावर आणि मध्य युरोपावर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधली चिंचोळी जागा म्हणजे एजियन समुद्र, आणि दाबातला हा फरक भरून काढण्यासाठी हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे तिथूनच धाव घेते. कोकणात पाऊस कोसळत असतो त्याच महिन्यांत टिनोसच्या कोरड्या डोंगरांवर वारा घोंघावत असतो, आणि दोन्हींची दोरी एकाच ठिकाणी बांधलेली आहे.

आता जोराविषयी. ग्रीसमध्ये वाऱ्याची गोष्ट बोफोर्ट श्रेणीत होते. दुकानदारापासून धर्मगुरूपर्यंत सगळे ‘आज सहा आहे, उद्या सात होणार’ अशा भाषेत बोलतात. पाच म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर, सहा म्हणजे ३९ ते ४९, सात म्हणजे ५० ते ६१ आणि आठ म्हणजे ६२ ते ७४. ऑगस्टमध्ये टिनोसवर पाच-सहा हा नेहमीचा दिवस समजावा, आणि सात-आठही आश्चर्याचे नाही. एकदा सुटला की वारा तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही टिकतो. साधारणपणे दुपारी चढतो आणि रात्री उतरतो, पण जोराच्या फेरीत रात्रीही पडत नाही. सात असताना तुमच्या आईबाबांना मोकळ्या धक्क्यावर चालताना कोणाचा तरी हात धरावा लागेल, मात्र गावाच्या गल्ल्यांत शिरले की आडोसा मिळतो.

बोटींबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. राफिनाहून निघालेली बोट एव्हिया बेटाचे दक्षिण टोक ओलांडून अँड्रोसकडे जाते, तेव्हा काफिरेअसच्या सामुद्रधुनीतून येणारा समुद्र तिला आडवा लागतो. ग्रीक खलाशी या जागेला काव्हो दोरो म्हणतात आणि आदराने वागतात. पुढे अँड्रोस आणि टिनोसमधल्या अरुंद खाडीतही वारा नळीतून आल्यासारखा येतो. जलद बोट सुमारे दोन तासांत पोहोचवते, मोठ्या बोटीला चारेक तास लागतात. तरीही तुम्ही मोठीच घ्या. हलक्या जलद बोटींना बंदर अधिकारी लवकर थांबवतात, मोठ्या बोटी त्यानंतरही चालू राहतात, आणि शिवाय त्या कमी हिंदकळतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर, मध्यभागी, क्षितिज दिसेल अशा खिडकीशी बसावे, निघण्यापूर्वी हलके खावे आणि अगदी उपाशीही राहू नये. उलटीची गोळी बाबांच्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर चालते का, हे पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या.

आणखी एक. या बोटी बंदरात मागची बाजू धक्क्याला लावतात, मोठी फळी खाली पडते आणि काही मिनिटांतच माणसे, मोटारी, ट्रक असे सगळे एकदम चढते-उतरते. वाऱ्यात ती फळी धक्क्यावर घासत पुढेमागे सरकत असते. टिनोस जवळ आल्याची घोषणा होताच सामानासह खाली येऊन थांबा, आईबाबांना घाई करावी लागणार नाही. परतताना बोट कोणत्या धक्क्याला लागणार हे त्याच दिवशी एजन्सीत विचारा, कारण तिथे एकाहून अधिक धक्के आहेत आणि ऐनवेळी सामान घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे वयस्करांना जड जाते.

सायली_ठाणे

दर्यासारंग काकांचा पहिला परिच्छेद मी तीन वर्षांपूर्वी वाचला असता तर फार बरे झाले असते. आम्ही जुलैच्या अखेरीस टिनोसवर होतो आणि आमचाही बेत असाच होता, सकाळी बोट आणि रात्री विमान. आदल्या दिवशी सकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी गच्चीवरून सीरोस बेटाच्या दिशेने पाहिले आणि आमची बोट कधीची आहे असे विचारले. आम्ही सांगितल्यावर त्या म्हणाल्या की आजच जा. आम्हाला ऊन दिसत होते, निळे आकाश दिसत होते, म्हणून आम्ही ऐकले नाही. दुपारी जलद बोटी थांबल्या, रात्री सगळ्याच थांबल्या आणि दुसरी बोट मिळायला दीड दिवस गेला. विमान गेले. ज्या कंपनीकडून बोटीची तिकिटे घेतली होती तिने आधी दूरध्वनीच उचलला नाही, आणि विमानाच्या तिकिटांतून काहीही परत मिळाले नाही.

त्यातून कळलेले नियम लिहून ठेवते. युरोपीय संघाच्या नियमानुसार बोट रद्द झाली तर प्रवाशाला पुढच्या बोटीची जागा किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांपैकी एक निवडण्याचा हक्क असतो. परंतु सुरक्षित प्रवासाला धोका ठरणाऱ्या हवामानामुळे बोट थांबली असेल तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, आणि हॉटेलचा खर्चही कंपनीवर बंधनकारक नसतो. म्हणून प्रवास विमा घेताना, बोट रद्द झाल्यामुळे विमान हुकले तर पैसे मिळतात का, ही ओळ शोधून वाचा. आम्ही विमा घेतला होता, पण ती ओळ वाचली नव्हती.

एवढे होऊनही ते बेट माझ्या मनातून गेलेले नाही. अडकलेल्या त्या संध्याकाळी आम्ही बंदरामागच्या गल्लीत जेवायला बसलो होतो. टेबलावरचा कागद चारही बाजूंनी रबरी पट्टीने आवळलेला होता, तरी त्याची कोपऱ्यातली टोके सतत फडफडत होती. वाढणाऱ्या मुलाने पावाच्या टोपलीतला रुमाल आधी पावाखाली नीट दाबला, मगच टोपली ठेवली, आणि हिशेबाची चिठ्ठी एका छोट्या काचेच्या पेल्यात गुंडाळून आमच्या पुढ्यात उभी केली. त्याच्या हालचालीत कुठेही त्रागा नव्हता. वाऱ्याबरोबर जन्म गेलेल्या माणसांचे हात कसे चालतात, हे मी तेव्हा पाहिले.

मुलीच्या पोहण्याविषयी: वारा उत्तरेचा असल्यामुळे दक्षिणेकडचे आणि नैर्ऋत्येचे किनारे तुलनेने शांत असतात. आम्ही आगियोस रोमानोसला जात असू. उत्तरेकडच्या कोलिंबिथ्राला मात्र वाऱ्याच्या दिवशी लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक जातात, तिथे मुलीला नेऊ नका. एक धोका लक्षात ठेवा, जो आम्हाला एका स्थानिक आईने सांगितला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी सपाट आणि निरुपद्रवी दिसते, पण हवा भरलेली गादी किंवा रबरी कडे घेऊन मूल पाण्यात गेले तर ते पाहता पाहता खोल समुद्राकडे ढकलले जाते. तसली खेळणी नेऊच नका. आणि टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान व कान भाजलेले असतात.

अथेन्सवासी

मी गेली बारा वर्षे अथेन्समध्ये राहते आणि १५ ऑगस्टला दोनदा टिनोसला गेले आहे. ताई, सप्टेंबरच्या उत्तरार्धात वारा खरोखरच नरमतो, पण आईंना जे पाहायचे आहे ते तेव्हा दिसणार नाही. म्हणून मी तर ऑगस्टच म्हणेन, फक्त खोली आजच्या आज आरक्षित करा. त्या आठवड्यात खोरा, म्हणजे बंदराचे मुख्य गाव, काठोकाठ भरते आणि कित्येक भाविक चर्चच्या अंगणातच रात्र काढतात.

आईंना पार्श्वभूमी ठाऊक असावी म्हणून थोडे लिहिते. बेटावरच्या केख्रोव्हुनी मठातील पेलागिया नावाच्या जोगिणीला १८२२ मध्ये मेरीमातेने दृष्टांत दिला, त्यानुसार शेतात खोदकाम झाले आणि ३० जानेवारी १८२३ रोजी आज या चर्चमध्ये असलेली मेरीमातेच्या मूर्तिचित्राची फळी सापडली, अशी श्रद्धा आहे. ग्रीकांचे स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे या चित्राला राष्ट्राच्या जीवनातही स्थान मिळाले. चित्र सोन्याने आणि रत्नांनी इतके मढवलेले आहे की मूळ रंग जवळजवळ दिसत नाहीत. आत शिरल्यावर मान वर करून पाहा. छताखालच्या दिव्यांना चांदीची छोटी जहाजे, पाळणे, पाय, घरे लटकवलेली दिसतील. ही सगळी फेडलेल्या नवसांची खूण आहे. ‘नवस’ या शब्दाला इतका चपखल ग्रीक प्रतिशब्द आहे की माझ्या सासूबाईंना तो समजावून सांगताना मला एक वाक्यही पुरले: त्यांच्याकडे त्याला ‘तामा’ म्हणतात, अर्थ तोच.

बंदरापासून चर्चपर्यंत सरळ चढाचा रस्ता आहे आणि त्याच्या कडेने गालिच्याची एक अरुंद पट्टी अंथरलेली असते. त्या पट्टीवरून माणसे रांगत जातात, बहुतेक स्त्रिया, काही तरुण मुलगे, क्वचित पाठीवर मूल घेतलेली आई. कोणी त्यांच्याकडे टक लावून पाहत नाही, शेजारून चालणारे फक्त वाट देतात. कृपया त्यांची छायाचित्रे काढू नका. १५ तारखेला मूर्तिचित्र मिरवणुकीने खाली बंदराकडे आणतात, तेव्हा आजारी आणि व्याकूळ माणसे रस्त्यावर एका ओळीत गुडघे टेकून बसतात आणि चित्र त्यांच्या डोक्यांवरून जाते. आईंसाठी घडीची हलकी खुर्ची न्या आणि सकाळी लवकर सावलीची जागा धरा. चर्च शांतपणे पाहायचे असेल तर १३ च्या संध्याकाळीच वर जाऊन या.

त्याच दिवशी नौदलाचा मान का असतो, हे बाबांना नक्की सांगा. १५ ऑगस्ट १९४० रोजी, ग्रीस अजून युद्धात उतरलेला नसताना, यात्रेसाठी सजून बंदरात उभ्या असलेल्या ‘एल्ली’ या ग्रीक युद्धनौकेवर इटलीच्या ‘देल्फिनो’ पाणबुडीने टॉर्पेडो सोडला आणि ती बुडाली. चर्चच्या आवारात तिचे स्मारक आहे. बाबांसाठी १५ ऑगस्ट म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन, तेव्हा त्या स्मारकापाशी दोन मिनिटे थांबावेसे त्यांना वाटेल.

जेवणाच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे. १ ते १४ ऑगस्ट हा मेरीमातेच्या सणाआधीचा उपवासाचा काळ असतो, त्यात श्रद्धाळू लोक मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करतात. हॉटेलात ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचे, एवढा एक शब्द उच्चारलात तर तेलातल्या भाज्या, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार भाजी, भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, उकडलेली रानभाजी असे पुष्कळ पुढे येते. ‘फावा’ मागवा. ते पिवळ्या डाळीचे घट्ट वरणच आहे, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. मुलगी ते आवडीने खाईल. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकुल चालतात, म्हणून ‘निस्तीसिमो’ म्हणजे शाकाहारी असे गृहीत धरू नका, प्रत्येक पदार्थाचे वेगळे विचारा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या गरम आल्या तर आत बहुधा खिमा असतो, थंड आल्या तर बहुधा भात. १५ नंतर उपवास सुटतो आणि सगळीकडे मांस शिजते, तेव्हा ‘होरीस क्रेआस’, मांस नको, हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

मृण्मयी_पुणे

आपण सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिलेत की काल रात्री मी हे सारे आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवले. निर्णय असा झाला: १२ तारखेलाच मोठ्या बोटीने जाणार, १६ ला परतणार, १७ ची रात्र आहे तशी विमानासाठी. मोसमी वाऱ्याची आणि मेल्तेमीची दोरी एक आहे, हे ऐकून बाबा उठून बसले आणि नकाशा घेऊन आले. ते स्थापत्य अभियंता होते आणि दगडकामाची त्यांना फार आवड आहे. यात्रेचा दिवस सोडला तर बेटाच्या आतल्या भागात त्यांना काय दाखवावे, आणि मोटार घ्यावी की बस?

पाषाणवेडा

मी वास्तुविशारद आहे आणि टिनोसला मी केवळ दगडासाठी गेलो होतो, त्यामुळे बाबांसाठी लिहिताना मला विशेष आनंद होत आहे.

मोटार घ्या, कारण बसच्या वेळा आणि वयस्करांची शक्ती यांचा मेळ बसत नाही. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, तो आपल्या आरटीओतून आधीच काढून घ्या. मोटार उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरा. मी एकदा पाठमोऱ्या वाऱ्यात दार एका हाताने उघडले आणि त्याच्या बिजागऱ्या वाकल्या.

पहिल्यांदा पिर्गोस. हे संगमरवराच्या कारागिरांचे गाव आहे. आधुनिक ग्रीक शिल्पकलेतले मोठे नाव यान्नुलिस खालेपास १८५१ मध्ये इथेच जन्मले, आणि टिनोसच्या संगमरवरी कामाची युनेस्कोने २०१५ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. गावाच्या वरच्या अंगाला संगमरवर कारागिरीचे संग्रहालय आहे. खाणीतून दगडाची शिळा कशी उतरवायचे, छिन्न्या कोणत्या, मजूर कसे उभे राहायचे, हे सगळे तिथे इतके नीट दाखवले आहे की बाबांना दोन तास कमी पडतील. ते मंगळवारी बंद असते, तसा दिवस निवडा. मग गल्ल्यांतून हिंडताना प्रत्येक दाराच्या वर पाहा. अर्धगोल संगमरवरी जाळी असते, तिच्यात शिडाचे जहाज, सुरूची झाडे, पक्षी, फुले कोरलेली असतात. घराला उजेड आणि हवा मिळावी, पण मेल्तेमी आत घुसू नये, म्हणून ती जाळी. मी एका जाळीखाली उभा होतो तेव्हा बाहेर वारा शिट्या घालत होता आणि आतल्या ओसरीत टांगलेला पडदा जेमतेम हलत होता.

दुसरे म्हणजे कबुतरखाने. बेटावर ते शेकडोंनी आहेत. टिनोस १२०७ पासून १७१५ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होते, आणि कबुतरे पाळण्याची रीत त्या काळात रुजली. खालच्या मजल्यावर अवजारे, वर कबुतरे, मांस खाण्यासाठी आणि विष्ठा खतासाठी. पण बाबांनी पाहावी ती त्यांची जागा. कबुतरखाने सहसा उघड्या माथ्यावर नाहीत. बहुतेक ओढ्याकाठच्या घळींत, वाऱ्याला पाठ देऊन उभे, आणि पाटीसारख्या पातळ दगडांचे त्रिकोण, चौकोन, सूर्य अशी नक्षी मुख्यतः आडोशाच्या बाजूला. भिंतींचा प्रकार आपल्या कोकणातल्या गडग्यासारखा, चुन्याशिवाय रचलेला. तारांबादोस गावाजवळच्या पायवाटेने हे जवळून दिसतात, मात्र आईंनी ती उतरण टाळावी, रस्त्यावरूनही पुष्कळ दिसते.

तिसरे वोलाक्स. घराएवढे गोल ग्रॅनाइटचे धोंडे रानभर विखुरलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये हे छोटे गाव बसले आहे. तिथे अजून टोपल्या विणणारे कारागीर आहेत आणि काही जुन्या दारांवर कविता लिहिलेल्या आहेत. मुलीला धोंड्यांमध्ये मनसोक्त पळू द्या, तिथे वारा अडतो.

वेळ उरला तर त्सिक्नियास डोंगराकडे दुरूनच पाहा, वर जाऊ नका. उत्तरवाऱ्याचा देव बोरेअस याच्या दोन मुलांना हेराक्लीसने टिनोसवर मारले आणि त्यांच्या थडग्यावर दोन दगड उभे केले, त्यांतला एक उत्तरेचा वारा सुटला की हलतो, अशी जुनी ग्रीक कथा आहे. पिर्गोसच्या चौकात मोठ्या झाडाच्या सावलीत संगमरवरी टेबले आहेत, तिथे बसून ही कथा मुलीला सांगा आणि तिला दुधाच्या खिरीसारखे सारण भरलेला ‘गलाक्तोबुरेको’ घेऊन द्या. त्यात अंडे असते, एवढे आधी पाहून घ्या. चालत नसेल तर तिच्यासाठी बदामाचे सरबत मागवा, ते तिथे थंडगार मिळते.